तेल नेमकं कुठून गळतं? जुन्या मोटारीच्या इंजिनातली गळती: शोध आणि दुरुस्ती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



गेल्या वेळी आपण अनुमान या प्रमाणाबद्दल बोललो. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी विचारलं की सर, हे सगळं डोंगरावरच्या धुरापुरतंच आहे का? रोजच्या व्यवहारात याचं काय करायचं? म्हणून आज मुद्दाम असा विषय घेतला आहे, जिथे चुकीच्या अनुमानाची किंमत थेट खिशातून जाते. जुन्या मोटारीच्या इंजिनातून होणारी ऑइलची गळती, हा तो विषय. चाळीसएक वर्षं मी जुन्याच गाड्या वापरत आलो आहे आणि त्यांचं जमेल तेवढं काम स्वतः करतो, त्यामुळे हे बोलणं नुसतं पुस्तकी नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या पार्किंगमध्ये अजून एखादी मारुती ८०० उभी असेल. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा दहा वर्षांच्या पुढची. काहींनी वडिलांची प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली असेल, क्वचित एखाद्याकडे अॅम्बॅसेडर असेल. अशा गाडीखाली फरशीवर एक दिवस काळा डाग दिसतो. मग घरात दोन मतं होतात. मुलगा म्हणतो, बाबा, आता काढून टाका ही. गॅरेजवाला म्हणतो, काका, इंजिन खोलावं लागेल. गंमत अशी, की दोन्ही मतं डाग पाहून झालेली असतात. गळती अजून कोणीच पाहिलेली नसते.

आजचा मुद्दा एवढाच आहे. डाग हा गळतीचा शेवट असतो आणि दुरुस्ती तिच्या उगमाशी करायची असते. या दोन ठिकाणांत कधी कधी दोन फुटांचं अंतर असतं, आणि त्या दोन फुटांत हजारो रुपये वाया जातात.

आधी हे ठरवा: गळतंय ते काय आहे?

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचा नसतो. रात्री गाडी उभी करताना खाली एक मोठा पांढरा पुठ्ठा ठेवा आणि पुढची चाकं कुठे आहेत त्याची पेन्सिलने खूण करा. सकाळी डाग कुठे पडला, केवढा पडला, रंग काय, हे सगळं स्वच्छ दिसतं.

इंजिन ऑइल नवं असेल तर मधासारखं आणि जुनं असेल तर काळपट, बोटाला बुळबुळीत. गिअर ऑइल जास्त घट्ट, आणि बऱ्याचदा त्याला गंधकासारखा उग्र वास. रेडिएटरमधलं कूलंट हिरवं किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ, वास गोडसर. ते चाखून बघू नका, ते विषारी असतं, आणि कुत्र्यामांजरांनाही त्यापासून लांब ठेवा. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. ब्रेक ऑइल पातळ, फिकट, आणि रंगावर पडलं तर रंग सोलून काढणारं. चाकाजवळ असा डाग दिसला तर आजचं व्याख्यान बाजूला ठेवा आणि गाडी हलवूच नका. पेट्रोलचा वास आला तरी तेच.

आता डागाच्या आकाराबद्दल. ढोबळमानाने एक मिलिलिटरमध्ये वीसएक थेंब बसतात. रात्रभरात दहा थेंब पडले, तर ते झालं अर्धा मिलिलिटर. वर्षभर रोज पडले तरी दोनशे मिलिलिटरच्या आतच. पण फरशीवर ते दहा थेंब पसरले की चांगले भाकरीएवढे दिसतात आणि माणूस घाबरतो. याच्या उलटही होतं. फरशी कोरडी आहे म्हणून माणूस निश्चिंत राहतो, आणि गाडी चालू असतानाच, दाबाखाली, रस्त्यावर ऑइल सांडत जातं. म्हणून डाग पाहून प्रमाण ठरवू नका. प्रमाण सांगते ती डिपस्टिक. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून, दर आठवड्याला पातळी बघा आणि किलोमीटरच्या आकड्यासकट वहीत लिहा. मारुती ८०० मध्ये सगळं मिळून ऑइल साधारण तीन लिटर. त्यातलं एक लिटर गेलं म्हणजे एक तृतीयांश गेलं.

पातळी उतरते आहे, पण डाग कुठेच नाही आणि इंजिनही कोरडं आहे? मग ऑइल बहुधा जळत असेल. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते बघा. तो वेगळा आजार, त्याला गॅस्केट बदलून गुण येणार नाही.

इंजिनात ऑइल फिरतं कसं

शोध घ्यायचा तर आधी रस्ते माहीत हवेत. इंजिनाच्या तळाशी पत्र्याचं भांडं असतं, त्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. त्यात ऑइल साठलेलं असतं. पंप ते जाळीतून वर ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि दाबाने क्रँकच्या आणि कॅमच्या बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. काम झालं की ते आपल्या वजनाने ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येतं.

म्हणजे इंजिनात दोन प्रकारच्या जागा झाल्या. पहिल्या दाबाच्या: पंपापासून बेअरिंगपर्यंतचा मार्ग, फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच. दुसऱ्या नुसत्या ओघळण्याच्या आणि शिंतोड्यांच्या: वरचं टॅपेट कव्हर, खालचं चेंबर, क्रँक आणि कॅमच्या टोकांची सीलं. दाबाच्या जागी फट पडली तर इंजिन चालू असताना ऑइल जोरात येतं आणि बंद केलं की थांबतं. ओघळण्याच्या जागी फट पडली तर ते पाझरतं, धूळ धरतं, चिकट थर तयार होतो, आणि इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ ठिबकत राहतं. केव्हा गळतं, एवढ्या एका प्रश्नाने निम्म्या जागा यादीतून बाद होतात.

आणि जुनं झालं की गळतं का? रबर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कडक होतं, त्याची लवचीकता जाते. बुचाच्या गॅस्केटचा कॉर्क वाळतो, दबतो, चिरतो. फिरणाऱ्या शाफ्टवर सीलची कड घासून घासून कधी कधी शाफ्टवरच बारीक खाच पडते. मग नवं सील घातलं तरी त्याची कड त्याच खाचेत बसते आणि गळती सुरूच राहते.

काही इंजिनांत तर थोडं गळणं रचनेतच होतं. अॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं जुनं इंजिन घ्या. ते मूळ ब्रिटिश बीएमसीचं. त्यात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नव्हतं. शाफ्टवर आटे कोरलेले असत आणि शाफ्ट फिरला की ते आटे ऑइल परत आत ढकलत. इंजिन थांबलं की हे ढकलणंही थांबतं. त्यामुळे अशी गाडी उभी राहिल्यावर दोनचार थेंब टाकते, त्यात नवल नाही. प्रत्येक यंत्राचं निरोगी असणं त्याच्या रचनेप्रमाणे ठरवायचं असतं.

नदीला पूर का आला?

आता थोडं आपल्या मूळ विषयाकडे येऊ. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण नदीचं आहे. नदीचं पाणी चढलेलं दिसलं, म्हणजे वरच्या बाजूला पाऊस झाला असणार.

पुढे दुसऱ्या अध्यायात यावर आक्षेप येतो, आणि तो फार मार्मिक आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, पाणी तर खाली कुठे अडवलं गेलं तरीही चढतं, मग पावसाचं अनुमान खरं कशावरून? यावरचं उत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसतं पाणी चढणं ही खूण पुरेशी नाहीच. पाणी नेहमीपेक्षा वेगळं आहे का, ओघाला वेग आहे का, फेस आहे का, फळं, पानं, लाकडं वाहून येताहेत का, हे सगळं मिळून जी खूण होते तिच्यावरून पावसाचं अनुमान करायचं. अडवलेल्या पाण्यात हे काही दिसत नाही. म्हणजे चूक अनुमानाची नव्हती, अर्धवट खुणेवर विसंबण्याची होती.

मोटारीकडे या. ‘गिअरबॉक्सजवळ ऑइल दिसतंय, म्हणजे मागचं क्रँक सील गेलं’ हे अर्धवट खुणेवरचं अनुमान आहे. ऑइल वरून ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागेही ढकललं जातं. त्यामुळे इंजिनाच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात सगळ्या इंजिनाचं ऑइल जमू शकतं. ‘त्या जागेच्या वरचा सगळा भाग कोरडा असताना तिथेच ऑइल दिसतंय’ ही पूर्ण खूण झाली. वरचा भाग कोरडा आहे की नाही, हे मात्र बघावं लागतं. ते बसल्या जागी ठरत नाही.

शेषवत् या शब्दाचा दुसराही अर्थ सांगितला आहे: परिशेष, म्हणजे एकेक शक्यता बाद करत जे उरतं त्यावर येणं. गळती शोधायला दोन्ही अर्थ लागतात.

शोधण्याची पद्धत

पहिली पायरी, सफाई. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात पावलांचे ठसे शोधणं. इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीजर किंवा रॉकेल आणि ब्रश घेऊन वरपासून खालपर्यंत साफ करा, फडक्याने पुसा, नीट वाळू द्या. पेट्रोल अजिबात वापरू नका. डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाका. पूर्ण वाळल्याशिवाय आणि वास गेल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

दुसरी पायरी, बघणं. सुरू करा, दहा मिनिटं जागेवर चालू द्या, बॅटरी घेऊन बघा. सैल बाही, ओढणी, लटकणारी माळ पंख्याजवळ आणि बेल्टजवळ जाऊ देऊ नका. विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो, हे ध्यानात असू द्या. मग पाचदहा किलोमीटर फिरवून आणा आणि पुन्हा बघा. मग रात्र जाऊ द्या आणि पुन्हा बघा. तीन वेळा बघायचं, कारण तीन वेळची परिस्थिती वेगळी आहे: गार, गरम आणि उभी.

तिसरी पायरी, क्रम. बघायचं ते वरून खाली आणि पुढून मागे. जी सगळ्यात वरची ओली जागा सापडेल, तिथे थांबा. तिच्या खालचं ओलं सध्या हिशेबात धरू नका. वरची दुरुस्त करा, पुन्हा साफ करा, पुन्हा बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गॅस्केट एकदम बदलली आणि गळती थांबली, तर कशाने थांबली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण होतो तिथेच.

ओली जागा सापडत नसेल तर दोन उपाय आहेत. स्वच्छ कोरड्या भागावर टाल्कम पावडर हलकी भुरभुरा. ऑइल जिथून निघतं तिथे पावडरीत गडद रेघ उमटते. दुसरा, ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी थोडी चालवायची आणि अंधारात अतिनील बॅटरीने पाहायचं. गळतीची वाट पिवळी-हिरवी चमकते.

खालून बघायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली जाऊ नका. जॅक सरकतो, आणि ती चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. दोन्ही बाजूंना घोड्या लावा, चाकांना ओट लावा, किंवा सरळ खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये न्या.

एक उदाहरण

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची मारुती ८०० होती. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल ठिबकत होतं. एका गॅरेजमध्ये सांगितलं, ‘मॅडम, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लचपण करून टाकू.’ बाईंच्या पेन्शनच्या मानाने खर्च मोठा होता. गाडी विकावी असंच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्यांच्याच पार्किंगमध्ये आम्ही वर सांगितल्याप्रमाणे इंजिन साफ केलं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला असतो आणि कॅमवर फिरतो. त्याच्या आतल्या बाजूला ऑइल असतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून रबरी रिंग असते. ती कडक झाली की तिथून ऑइल निघतं आणि सरळ खाली, गिअरबॉक्सच्या तोंडावर उतरतं. पावडर भुरभुरली, गाडी एक फेरी मारून आणली. डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून काळी रेघ निघालेली स्पष्ट दिसली. रिंग बदलली, पुन्हा साफ केलं, आठ दिवस पाहिलं. गिअरबॉक्सचं तोंड कोरडं राहिलं.

गॅरेजवाल्याने फसवलं, असं मी म्हणणार नाही. जिथे ऑइल दिसलं तिथलं सील ऑइल टाकू शकतं, हे खरंच आहे. फक्त तिथे ऑइल येण्याचं दुसरं कारण असू शकतं, हे तपासलं गेलं नव्हतं. महागडी शक्यता मान्य करण्याआधी तिच्या वरच्या स्वस्त शक्यता बाद झाल्या आहेत का, हे विचारण्याचा हक्क गाडीमालकाला आहे. आणि तो भांडून नव्हे, सभ्यपणे बजावता येतो: ‘दादा, आधी धुऊन बघू, मग उतरवू.’

इंजिनाचा श्वास

कधी असं होतं की एक गॅस्केट बदललं, तर महिन्यात दुसऱ्या जागेहून गळायला लागतं. ते बंद केलं की तिसरीकडून. अशा वेळी दोष गॅस्केटमध्ये शोधू नका, आतल्या दाबात शोधा.

पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरच्या बाजूला जातो. तो बाहेर निघावा म्हणून ब्रीदरची नळी असते, पुष्कळ इंजिनांत पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. ही वाट काजळीने बुजली की वायू कोंडतो आणि जिथे सील सगळ्यात कमकुवत असेल तिथून ऑइलला बाहेर ढकलतो. नळी काढून साफ करणं किंवा बदलणं हे अर्ध्या तासाचं, किरकोळ पैशांचं काम. म्हणून कोणत्याही सीलला हात घालण्याआधी ते करा.

नळी साफ असूनही ऑइल भरायच्या झाकणातून वायूचे जोरदार फटके येत असतील, डिपस्टिक आपोआप वर उचलली जात असेल, तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे. तेव्हा कॉम्प्रेशन मोजून घ्या. तिथे नवी सीलं घालणं म्हणजे छताचं पाणी थांबवायला भिंतीला रंग देणं.

दुरुस्ती: स्वस्तापासून महागाकडे

ड्रेन बोल्ट. प्रत्येक वेळी ऑइल बदलताना त्याचं वायसर नवं टाका. गळतंय म्हणून जास्त जोर लावू नका. आटे गेले तर चेंबरच बदलायची वेळ येते.

फिल्टर. जुन्याची रबरी रिंग कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. मग दाबाखाली ऑइल धो धो येतं. जागा पुसून बघा, नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा, रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा.

ऑइल प्रेशरचा स्विच. वायरच्या टोकाशी ऑइल दिसलं तर स्विच आतून फुटला आहे. बदलणं सोपं, आणि दाबाची जागा असल्यामुळे टाळणं धोक्याचं.

टॅपेट कव्हर. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त गळती इथूनच होते. कव्हर काढा, जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा, पण अॅल्युमिनियमच्या हेडवर ओरखडे पाडू नका. पत्र्याचं कव्हर आधीच्या कोणी आवळून वाकवलं असेल तर सपाट करून घ्या. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. इथे ताकद लागत नाही. जास्त आवळलं की कॉर्क दबून बाहेर येतो आणि गळती वाढते.

सिलिकॉनच्या ट्यूबबद्दल दोन शब्द. गॅरेजमध्ये तिचा फार सढळ वापर होतो. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवर अगदी पातळ रेघ, एवढंच तिचं काम. जास्त लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीवर बसतात. थेंब थांबवायला गेलो आणि बेअरिंगचं ऑइल बंद केलं, असं होतं.

डिस्ट्रिब्युटर. काढण्याआधी त्याच्या जागेची आणि आतल्या रोटरच्या दिशेची खूण करा, नाहीतर टायमिंग बिघडेल. बसवल्यावर टायमिंग तपासून घ्या.

कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील. मारुती ८०० सारख्या इंजिनात ही टायमिंग बेल्टच्या मागे असतात. ऑइल लागलेला बेल्ट लवकर खराब होतो आणि तुटला तर गाडी जागीच बंद पडते. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. म्हणून बेल्ट बदलायची वेळ येईल तेव्हा ही सीलं त्याच वेळी बदलून घ्या.

चेंबरचं गॅस्केट आणि क्रँकचं मागचं सील शेवटी. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. म्हणून एकदा उतरवला की क्लच प्लेट, बेअरिंग आणि शाफ्टवरची खाच, तिन्ही पाहून घ्या. आणि उतरवण्याआधी वरच्या सगळ्या जागा कोरड्या असल्याची खात्री करा.

कोणती गळती थांबू शकत नाही

सगळ्याच गळत्या तातडीच्या नसतात. टॅपेट कव्हरची कड नुसती ओलसर आहे, थेंब पडत नाही, पातळी महिनोन्महिने तशीच आहे, तर लक्ष ठेवा, पुढच्या सर्व्हिसिंगला बघा.

पण चार ठिकाणी थांबू नका. ऑइल गरम मॅनिफोल्डवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर पडतंय, जळका वास येतोय: आग लागू शकते. टायमिंग बेल्टवर येतंय. क्लचपर्यंत पोहोचलंय आणि चढावर क्लच घसरतोय. किंवा पातळी आठवड्याला दिसण्याइतकी उतरतेय.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या गाडीचं ऑइल रस्त्यावर राहतं. पहिल्या पावसात त्यावर दुचाकी घसरते, ती आपली नसते. पुसलेले बोळे आणि काढलेलं ऑइल गटारात टाकू नका. आपल्या कायद्यात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. काम करताना हातमोजे घाला, कारण असं ऑइल वारंवार त्वचेला लागणं अपायकारक असतं.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: सर, जाड ऑइल घातलं तर गळती कमी होते ना?*

होते, थोडी. पण सकाळी गार इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि तेवढा वेळ कॅम कोरडा फिरतो. कंपनीच्या पुस्तिकेत हवामानाप्रमाणे ज्या श्रेणी दिल्या असतील, त्यातलीच जाड बाजूची घेतली तर हरकत नाही. त्याबाहेर जाऊ नका.

*प्रश्न: गळती थांबवायचं औषध बाटलीत मिळतं, त्याचं काय?*

ते कडक झालेलं रबर थोडं मऊ करतं, फुगवतं. सीलची पाझर त्याने काही काळ कमी होऊ शकते. फुटलेला कॉर्क, सैल बोल्ट, खाच पडलेला शाफ्ट यांना त्याचा उपयोग नाही. आणि एक अडचण अशी की ते घातल्यावर गळतीची जागा शोधणं आणखी अवघड होतं. आधी शोध, मग औषध.

*प्रश्न: चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर जवळच्या गॅरेजपर्यंत नेऊ का?*

नाही. सुरक्षित बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. तो दिवा पातळी नाही, दाब सांगतो. दाब नाही म्हणजे बेअरिंगवर ऑइल नाही, आणि अशा अवस्थेत एखादा किलोमीटरही इंजिन जाम करायला पुरतो. पातळी बघा. कमी असेल तर भरा. भरूनही दिवा विझला नाही, तर गाडी ओढून न्या.

*प्रश्न: स्वतः काम करत नसलेल्या माणसाने काय करावं?*

तीन गोष्टी. वहीत पातळी लिहा, पुठ्ठ्यावरच्या डागांचे फोटो ठेवा, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘सगळ्यात वरची ओली जागा कोणती, मला दाखवता का?’ चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही, तो बॅटरी घेऊन बोनेट उघडतो. असा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नका.

वेळ झाली आहे. पुढच्या व्याख्यानात हेत्वाभास घेऊ, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं. त्याची तयारी म्हणून येत्या रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, आपापली डिपस्टिक एकदा काढून बघा.